‘पन्नास टक्के उजेड’ म्हणजे नेमका किती?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मंद करता येणाऱ्या एलईडी दिव्यांविषयी जे काही छापून येते, मग ते खोक्यावर असो, जाहिरातीत असो की वृत्तपत्राच्या तंत्रज्ञान पुरवणीत, त्यात एक आकडा हटकून असतो: टक्के. ‘दहा टक्क्यांपर्यंत मंद होतो’, ‘पन्नास टक्क्यांवर ठेवा, डोळ्यांना बरे’, ‘मंद केल्यावरही अमक्यापेक्षा वीस टक्के जास्त उजेड’. टक्के कशाचे, हे मात्र कुणी लिहीत नाही. नॉब किती फिरवला त्याचे, विजेचे, मोजलेल्या प्रकाशाचे, की डोळ्याला जाणवलेल्या उजेडाचे? एकाच दिव्याचे एकाच क्षणी हे चारही आकडे वेगवेगळे येतात आणि त्यांच्यातला फरक कधी कधी दहापट असतो. दिव्यांची तुलना छापायचीच असेल तर ती कशी मोजावी आणि कुठे फसते, हे सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र. लांबीबद्दल क्षमस्व.

आधी डोळ्याचे. डोळा बेरीज करत नाही, तो प्रमाण बघतो. म्हणून प्रकाश निम्मा केला तरी खोली निम्मी अंधारत नाही, जराशी उतरल्यासारखी वाटते. दिव्यांच्या व्यवसायात यासाठी एक ढोबळ नियम वापरतात: मोजलेल्या प्रकाशाचे वर्गमूळ काढले की जाणवणारा उजेड येतो. प्रकाश ५० टक्के उरला तर उजेड ७१ टक्के वाटतो, २५ उरला तर ५०, १० उरला तर ३२ आणि १ टक्का उरला तरी १० टक्के असल्यासारखा वाटतो. पृष्ठभागाच्या उजळपणासाठी सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ मध्ये जी मोजपट्टी ठरवली तिच्यात वर्गमुळाऐवजी घनमूळ आहे. तिच्या हिशेबाने निम्मा उजळपणा वाटायला १८.४ टक्के प्रकाशच पुरतो. दोन सूत्रांत थोडा फरक आहे, पण रोख एकच.

आता ‘दहा टक्क्यांपर्यंत मंद होतो’ हे वाक्य पुन्हा वाचा. एका उत्पादकाने ते मोजलेल्या प्रकाशाबद्दल लिहिले असेल, तर त्याचा दिवा सर्वांत खालीही डोळ्याला ३२ टक्के वाटेल. निजायच्या खोलीत तो भगभगीतच. दुसऱ्याने जाणवणाऱ्या उजेडाबद्दल लिहिले असेल, तर त्याचा दिवा खरोखर १ टक्क्यापर्यंत उतरतो. आकडा तोच, प्रकाश दहापट वेगळा. मोठ्या इमारतींत वापरल्या जाणाऱ्या डाली या डिजिटल पद्धतीत हा घोळ आकड्यांतच दिसतो. तिच्या नेहमीच्या वक्रात २५४ पायऱ्या असतात आणि त्या डोळ्याच्या सोयीने आखलेल्या असतात: २५४ वर पूर्ण प्रकाश, २२९ वर साधारण निम्मा, १७० वर दहावा हिस्सा, ८५ वर शंभरावा आणि १ वर हजारावा. एखाद्या पडद्यावर १२७ ही पायरी ‘५० टक्के’ म्हणून दाखवली, तर दिव्यातून त्या वेळी सुमारे ३ टक्केच प्रकाश बाहेर पडत असतो.

एलईडी मंद करण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत आणि मोजणीतल्या निम्म्या चुका त्यांतला फरक न ओळखल्यामुळे होतात. पहिली तऱ्हा म्हणजे एलईडीतून वाहणारा प्रवाहच कमी करणे. दुसरी, प्रवाह पूर्ण ठेवून तो सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करणे; तिला पीडब्ल्यूएम म्हणतात. चालू राहण्याचा काळ एकूण काळाच्या दहावा हिस्सा असेल तर सरासरी प्रकाश दहा टक्के. भिंतीवरचा जुन्या धाटणीचा डिमर यांपैकी काहीच थेट करत नाही. तो मेनच्या, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याच्या, लहरीचा एक तुकडा कापतो आणि त्या कापलेल्या लहरीवरून किती प्रकाश द्यायचा हे दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला प्रवाह पुरवणारे सर्किट, ठरवतो. म्हणूनच एकाच डिमरवर दोन कंपन्यांचे दिवे लावले की एक मिणमिणतो आणि दुसरा अजून तेजीत असतो. नॉबवर छापलेल्या टक्क्यांना दिव्याच्या संदर्भात काही अर्थ नाही, हे इथेच स्पष्ट व्हावे.

पीडब्ल्यूएमबद्दल एक समज बराच पसरलेला आहे: झटक्याझटक्याने दिलेला प्रकाश डोळ्याला सरासरीपेक्षा जास्त तेजस्वी दिसतो, म्हणून कमी विजेत जास्त उजेड मिळतो. लुकलुक दिसत नाही इतका वेग असेल तर हे चूक आहे. टॅल्बट आणि प्लॅटो या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले की, लुकलुक विरून गेली की डोळ्याला दिसणारा उजेड हा प्रकाशाच्या सरासरीइतकाच असतो. त्यामुळे पीडब्ल्यूएमने मंद केलेल्या दिव्याची सरासरी प्रामाणिकपणे मोजली की काम झाले. ‘प्रामाणिकपणे’ या शब्दातच मेख आहे, तिच्याकडे पुढे येतो.

मोजायचे काय, हे ठरले पाहिजे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व बाजूंना निघणारा एकूण प्रकाश. लक्स म्हणजे एका जागी, प्रत्येक चौरस मीटरवर पडणारा. हातातले लक्समीटर फक्त दुसरी गोष्ट सांगते. झोत अरुंद असलेल्या दिव्याखाली मधोमध मीटर धरले तर तो दुप्पट ल्युमेनच्या पसरट दिव्यालाही हरवेल. म्हणून दोन वेगळ्या आकारांच्या दिव्यांची लक्सवर तुलना करून ‘हा जास्त प्रकाश देतो’ म्हणणे गैर आहे. ‘टेबलाच्या या जागी जास्त देतो’ एवढेच म्हणता येते. एकाच दिव्याच्या पूर्ण आणि मंद अवस्थांची तुलना मात्र लक्समीटरने उत्तम होते. झोताचा आकार बदलत नाही, अंतर बदलत नाही, मीटरची कायमची चूक वर-खाली दोन्हीकडे सारखी येते आणि भागाकारात उडून जाते. साध्या मीटरकडून खात्रीने मिळणारी गोष्ट हीच, दोन वाचनांचे प्रमाण.

कृती अशी. खोली पूर्ण अंधारी करा. खिडकीला जाड काळे कापड, चार्जरचे आणि राउटरचे दिवे झाकलेले. दिवा आणि मीटर दोन्ही घट्ट बसवा, मीटर हातात धरू नका; अंगावरचा पांढरा सदरासुद्धा वाचन वाढवतो. संवेदकाचे तोंड थेट दिव्याकडे असू द्या. दिवा पूर्ण तेजावर अर्धा तास तापू द्या, कारण गरम होताना एलईडीचा प्रकाश उतरत जातो आणि पहिल्या मिनिटाचा आकडा नेहमी फुगलेला असतो. पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन वाचने एका टक्क्यात जुळली की दिवा स्थिरावला असे समजा. मग दिवा न हलवता त्याच्यासमोर अपारदर्शक पुठ्ठा धरून अंधाराचे वाचन घ्या. हे वाचन प्रत्येक आकड्यातून वजा करायचे असते आणि नेमके हेच लोक विसरतात. त्यानंतर पूर्ण तेजाचे वाचन, मग एकेक पायरी खाली, प्रत्येक पायरीवर पाच ते दहा मिनिटे थांबून. शेवटी पुन्हा पूर्ण तेजावर जाऊन पहिला आकडा परत येतो का ते बघा. दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मधल्या काळात मेनचा दाब किंवा तापमान हलले आहे. सगळी मोजणी पुन्हा करा. स्वस्त ड्रायव्हरच्या दिव्यांत मेनचा दाब थेट प्रकाशात उतरतो, त्यामुळे ही शेवटची फेरी टाळू नये.

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. अंधारात ०.४ लक्स, पूर्ण तेजावर ६२०.४, नॉब ‘५०’ वर १८६.४, ‘१०’ वर १२.८ आणि अगदी खाली ३.५. अंधार वजा केला की ६२०, १८६, १२.४ आणि ३.१ उरतात, म्हणजे मोजलेला प्रकाश अनुक्रमे १००, ३०, २ आणि ०.५ टक्के. वर्गमूळ घेतले तर जाणवणारा उजेड १००, ५५, १४ आणि ७. म्हणजे या डिमरवरचे ‘५०’ आणि ‘१०’ हे डोळ्याच्या हिशेबाने फारसे खोटे नाहीत, प्रकाशाच्या हिशेबाने मात्र दिशाभूल करणारे आहेत. आणि अंधाराचे ते क्षुल्लक ०.४ लक्स वजा केले नसते, तर शेवटच्या वाचनात एकट्या त्याचीच १३ टक्के चूक घुसली असती.

याच शेवटच्या आकड्यावर थोडे थांबू. मीटरच्या माहितीपत्रकात अचूकता अशी दिलेली असते: ‘वाचनाच्या ४ टक्के अधिक १० अंक’. अंक म्हणजे पडद्यावरचा सर्वांत उजवीकडचा आकडा. मीटर ०.१ लक्सपर्यंत दाखवत असेल तर १० अंक म्हणजे पूर्ण १ लक्स. ६२० लक्सला त्याने काही बिघडत नाही. ३.१ लक्सच्या वाचनाला मात्र खरा आकडा २ ते ४.२ यांत कुठेही असू शकतो. मंद दिव्यांच्या तुलना फसतात त्या बहुतेक इथे: मीटर बिघडलेले नसते, ते त्याच्या तळाशी चाचपडत असते. उपाय म्हणजे साखळी जोडणे. दूरच्या जागेवरून पूर्ण तेज आणि मधली पायरी मोजा, मग मीटर दिव्याच्या जवळ आणून तीच मधली पायरी आणि सर्वांत खालची पायरी मोजा. पहिल्या जागी मधली पायरी पूर्णाच्या ३० टक्के आली आणि दुसऱ्या जागी खालची पायरी मधलीच्या ६० वा हिस्सा आली, तर खालची पायरी पूर्णाच्या ०.५ टक्के. अंतर नेमके किती होते हे माहीत असण्याचीही गरज पडत नाही.

अंतरावरून आठवले. ‘अंतर दुप्पट, प्रकाश चौथा हिस्सा’ हा नियम दिव्याच्या सर्वांत मोठ्या मापाच्या किमान पाचपट अंतरावर गेल्यावरच लागू धरावा. ६० मिलिमीटर व्यासाच्या गोल दिव्याला ३० सेंटिमीटर पुरतात, पण १.२ मीटरच्या नळीला ६ मीटर लागतील. एलईडी पट्टीच्या जवळ तर प्रकाश अंतराच्या वर्गाने घटत नाही, साधारण अंतराच्या प्रमाणात घटतो. एका जागेवरून एकाच दिव्याचे प्रमाण काढताना या नियमाशी देणेघेणे नाही, हे त्यातले सुख.

आता ती मेख. पूर्ण तेजावर ८०० लक्स देणारा दिवा पीडब्ल्यूएमने १ टक्क्यावर आणला, की सरासरी ८ लक्स होते. मीटर आपोआप सर्वांत खालची श्रेणी निवडते, समजा २० लक्सची. पण संवेदकावर पडणारा प्रत्येक झटका अजूनही ८०० लक्सचाच असतो, फक्त क्षणभराचा. मीटरच्या पहिल्याच टप्प्यात सरासरी काढणारा कपॅसिटर असेल तर काही बिघडत नाही. नसेल, तर वर्धक त्या झटक्याचे डोके छाटतो आणि पडद्यावर ८ ऐवजी ५ किंवा ३ दिसतात. दिवा खरा आहे त्यापेक्षा जास्त मंद भासतो, आणि ‘या दिव्याची मंद होण्याची क्षमता उत्कृष्ट’ असे छापून येते! पडताळा सोपा आहे. श्रेणी हाताने कायम करा. संवेदकावर बटर पेपरचे दोन थर ठेवून पूर्ण तेजावर प्रकाश कितपत घटतो ते बघा, समजा तिसरा हिस्सा उरतो. मंद अवस्थेतही, आधी मंद दिव्यासाठी मीटरने निवडलेली श्रेणी कायम धरून, तिसराच हिस्सा उरला पाहिजे. त्याहून जास्त उरला तर कागदाशिवायचे वाचन छाटले गेलेले होते. अशा वेळी वरची श्रेणी धरा आणि दिव्याच्या जवळ जा.

स्वतः जोडणी करणाऱ्यांसाठी: डोळ्याच्या संवेदनेशी जुळवलेली गाळणी असलेला बीपीडब्ल्यू २१ हा फोटोडायोड (प्रकाश पडला की प्रवाह देणारा संवेदक) या कामाला चांगला. तो प्रत्येक लक्सला साधारण ९ नॅनोअँपिअर देतो. ऑपॲम्प या वर्धक चिपच्या फीडबॅकला १ मेगओहमचा रोध लावला की प्रत्येक लक्सला ९ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे ५०० लक्सला साडेचार व्होल्ट. त्या रोधाला समांतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एका सेकंदाची सरासरी तिथेच निघते आणि वरची छाटणी टळते. संवेदकाला काळ्या नळीत बसवून फक्त दिव्याचाच प्रकाश आत येईल असे करा. बीएच १७५० हा डिजिटल संवेदकही वापरता येतो, पण त्याची एक मोजणी साधारण १२० मिलिसेकंदांची असते. १०० हर्ट्झच्या लुकलुकीत तेवढ्या वेळात बारा झटके येतात, त्याच्या अंतर्गत घड्याळाच्या फरकाने कधी तेरा. म्हणून आकडा आठ टक्क्यांनी उड्या मारतो. पन्नास वाचनांची सरासरी घेतली की तो शांत होतो. एलडीआर, म्हणजे प्रकाशानुसार बदलणारा रोध, मात्र वापरू नये. त्याचा रोध प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, तो सावकाश प्रतिसाद देतो आणि आधी पाहिलेला प्रकाश काही काळ लक्षात ठेवतो. सौर घटाचे टोकांवरचे व्होल्टेज मोजणारेही बरेच भेटतात. व्होल्टेज प्रकाशाच्या लॉगरिदमने वाढते, त्यामुळे दहापट मंद केलेला दिवा किंचितच मंद भासतो. सौर घटच हाताशी असेल तर त्याचा शॉर्टसर्किट प्रवाह मोजावा.

मोबाइलचे काय? पडद्याचा उजेड जुळवण्यासाठी बसवलेला त्यातला छोटा संवेदक लक्समीटरची जागा घेऊ शकत नाही. त्यावर चालणारी ॲप्स ‘साधारण किती’ एवढेच सांगतात. कॅमेरा त्याहून उपयोगी आहे, पण त्याला मोकळे सोडले तर तो स्वतःच उजेड सावरून घेतो आणि दोन्ही फोटो सारखे काढतो. आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनक्षमता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची जुळवणी) कायम करा, दिव्याचा नव्हे तर त्याच्या प्रकाशातल्या पांढऱ्या कागदाचा फोटो घ्या. फोटोतल्या करड्या रंगाचा आकडा थेट प्रकाश समजू नका: २५५ पैकी १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नाही, जेमतेम २२ टक्के असतो, निम्म्याला आकडा १८८ च्या आसपास येतो. शिवाय फोन आपल्या मर्जीने रंग सुधारतो तो भाग निराळाच. यावर खात्रीची युक्ती म्हणजे आकडे वाचायचेच नाहीत, जुळवायचे. पूर्ण तेजात १/१०० सेकंदाला कागद जेवढा करडा आला, तेवढाच मंद प्रकाशात १/१० सेकंदाला आला तर प्रकाश दहापट कमी. मेन ५० हर्ट्झचे असेल तर प्रकाश सेकंदाला १०० वेळा हलतो, म्हणून शटरचा वेळ १/१०० च्या पूर्ण पटीत ठेवावा. ६० हर्ट्झच्या मेनला १/१२० च्या.

काहीच साधन नसेल तरी तुलना होते आणि तीही बऱ्यापैकी अचूक. डोळा ‘किती’ हे सांगायला कच्चा आहे, पण शेजारी शेजारी असलेले दोन ठिपके सारखे आहेत की नाहीत हे सांगायला फार तल्लख आहे. या गुणावर काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञांनी १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेली सावलीची पद्धत उभी आहे. भिंतीवर पांढरा कागद, त्याच्यापुढे पाचेक सेंटिमीटरवर एक उभी काठी किंवा पेन्सिल. दोन दिवे असे ठेवा की त्यांच्या दोन सावल्या एकमेकींना चिकटून पडतील. पहिल्या दिव्याच्या सावलीत फक्त दुसऱ्याचा प्रकाश पोचतो, दुसऱ्याच्या सावलीत फक्त पहिल्याचा. दोन्ही सावल्या सारख्या काळ्या दिसेपर्यंत एक दिवा मागेपुढे सरकवा आणि दिव्यापासून कागदापर्यंतची अंतरे मोजा. एकसारख्या दोन दिव्यांपैकी पूर्ण तेजावरचा ३ मीटरवर आणि मंद केलेला १ मीटरवर असताना सावल्या जुळल्या, तर मंद दिवा नवव्या हिश्शाने, म्हणजे ११ टक्क्यांवर चालला आहे. दोघांचा कागदाशी कोन सारखा हवा आणि दोघांचे तोंडही कागदाकडे सारखेच वळलेले हवे, कारण एलईडी दिवा सगळीकडे सारखा प्रकाश देत नाही. अंतरात २ टक्के चूक झाली की उत्तरात ४ टक्के येते. म्हणून दहा वेळा जुळवा, पाचदा जवळून दूर नेत आणि पाचदा दुरून जवळ आणत, मग सरासरी घ्या. १ टक्क्यापर्यंत मोजायचे तर अंतरांचे प्रमाण दहास एक लागते, ते खोलीत मावत नाही. तिथे मधली पायरी घेऊन वर सांगितलेली साखळीच जोडावी.

रंग वेगळे असले की हे सगळेच अवघड होते. पिवळसर आणि निळसर सावली ‘सारखी’ केव्हा झाली, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. मीटरचीही तीच गत. पांढऱ्या एलईडीत साधारण ४५० नॅनोमीटरला निळ्या प्रकाशाचा उंच सुळका असतो. डोळ्याची दिवसाची संवेदना ५५५ नॅनोमीटरला १ धरली तर ४५० ला ती फक्त ०.०३८ आहे. स्वस्त मीटरची गाळणी या टोकाला नेमकी जुळलेली नसते, त्यामुळे थंड पांढऱ्या आणि उबदार पांढऱ्या दिव्याची तुलना काही टक्क्यांनी सरकते आणि नुसत्या निळ्या दिव्याचे वाचन तर सोडूनच द्यावे. मंद करताना जो दिवा आपला रंगही उबदार करत नेतो, त्याचे प्रमाणही अशा मीटरवर किंचित चुकते. त्यातून मंद प्रकाशात डोळाच पालटतो: त्याची संवेदना निळ्याकडे सरकत ५०७ नॅनोमीटरच्या दिशेने जाते. पांढऱ्या भिंतीवर सुमारे २० लक्सच्या खाली हा बदल सुरू झालेला असतो. म्हणून मीटरवर सारखे असलेले दोन अगदी मंद दिवे शेजारी ठेवले तर निळसर दिवा जास्त उजळ दिसू शकतो. मीटरही बरोबर, डोळाही बरोबर. फक्त मीटर दिवसाच्या डोळ्यासाठी बनवलेले आहे.

विजेवरून प्रकाश ठरवणे ही आणखी एक पळवाट. समजा १० वॅटच्या दिव्यात ड्रायव्हर स्वतःसाठी अर्धा वॅट घेतो. प्रकाश १ टक्क्यावर आणला तरी तो अर्धा वॅट जातच राहतो आणि एकूण वापर साधारण ६ टक्के दिसतो. उलट, प्रवाह कमी करून मंद केलेला एलईडी थंड राहतो आणि कमी प्रवाहावर त्याची कार्यक्षमता वाढते, त्यामुळे १० टक्के प्रवाहाला १० टक्क्यांहून थोडा जास्तच प्रकाश मिळतो. कापलेल्या लहरीवर साधा मल्टिमीटर तर काहीही दाखवतो. तो ट्रू आरएमएस, म्हणजे कापलेल्या लहरीचेही खरे मूल्य दाखवणारा, नसेल तर त्याचा आकडा लिहू नये.

खालच्या टोकाची दोन निरीक्षणे तुलनेत हवीतच. दिवा वरून खाली आणताना कितीला विझतो आणि विझलेल्या अवस्थेतून वर नेताना कितीला पेटतो, हे दोन आकडे सहसा वेगळे असतात. खाली १ टक्क्यापर्यंत सुरेख उतरणारा दिवा पुन्हा लावताना मात्र ८ टक्क्यांवर टपकन पेटत असेल, तर रात्री उठणाऱ्याच्या दृष्टीने तो ८ टक्क्यांचाच दिवा आहे. दुसरे म्हणजे लुकलुक, जी लक्समीटरला अजिबात दिसत नाही. अंधारात दिव्यासमोर पांढरे पेन झपकन हलवा. त्याचा सलग पट्टा दिसण्याऐवजी सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या तर दिवा हळू चालू-बंद होतो आहे. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ च्या १७८९ क्रमांकाच्या शिफारशीत १०० हर्ट्झला कमी जोखमीची मर्यादा ८ टक्के चढउताराची आहे. पूर्ण विझून पेटणाऱ्या पीडब्ल्यूएमचा चढउतार कायम १०० टक्के असतो, म्हणून त्याची वारंवारता १२५० हर्ट्झच्या वर हवी; काहीच परिणाम नको असेल तर ३००० च्या वर.

आमची विनंती एवढीच. आपल्या दैनिकात डिम होणाऱ्या दिव्यांची ओळख किंवा तुलना छापताना नुसते टक्के न छापता पुढील धर्तीची एक ओळ छापावी: ‘दिव्यापासून १ मीटरवर पूर्ण तेजाला ६२० लक्स, किमान पायरीला ३.१ लक्स, म्हणजे मोजलेला ०.५ टक्के, पेटतो २ टक्क्यांवर, अमुक प्रकारच्या डिमरवर, अर्धा तास तापवून, अंधाराचे वाचन वजा करून.’ उत्पादकाचाच आकडा द्यायचा असेल, तर तो मोजलेल्या प्रकाशाचा आहे की जाणवणाऱ्या उजेडाचा हे त्याला विचारून कंसात लिहावे. उत्तर आले नाही तर तो आकडा गाळावा आणि जागा रिकामी ठेवावी.

आपले,
प्रकाशमापनाच्या कामातले काही वाचक